काट्याची मासोरी

आईनं समुद्र पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "येची पार कोठं आहे गा बाबू?"

पार म्हणजे पाळ, तलावाचा बांध. आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो. आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, नवेगावबांधच्या अलीकडचे. आमच्याकडे पाणी म्हटलं की पाळ आलीच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला नवेगावचा तलाव घ्या, नाहीतर गावोगावचे मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, तलाव घ्या. एका अंगाला टेकड्या, दुसऱ्या अंगाला माणसानं घातलेली पाळ, आणि पाळीखाली धान. चौऱ्याहत्तर वर्षं आईनं पाणी असंच पाहिलं होतं. तारकर्लीच्या वाळूत उभी राहून ती आधी डावीकडे, मग उजवीकडे बघत राहिली. मी म्हटलं, "याला पाळ नसते आई."

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मंग येवढं पानी अडवते कोन?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि सगळ्यांना भुकाही लागल्या होत्या.

डिसेंबर होता. धान विकून झाला होता आणि चुकारे चक्क वेळेवर हातात आले होते. हे दर वर्षी होत नाही, म्हणून सांगतो. पुण्याला नोकरी करणारा मुलगा म्हणाला, आजीला समुद्र दाखवू. तो आणि सून पुण्याहून परस्पर येणार. आम्ही तिघं, म्हणजे आई, बायको आणि मी, नागपूर-मडगाव गाडीनं. ही गाडी नागपुरातून दुपारी निघते, वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव करत रात्रभर अख्खा महाराष्ट्र आडवा कापते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळला टेकते. चोवीस तासांचा प्रवास म्हणून बायकोनं पोळ्या, जवसाची चटणी, तळलेल्या मिरच्या असं सगळं बांधलं होतं. आईनं मात्र स्वतःच्या पिशवीत एक वेगळी पुडी ठेवली होती. शेगाव गेल्यावर वास आला तेव्हा कळलं. सुके झिंगे. आमच्या तलावातली बारीक कोळंबी, उन्हात वाळवलेली. मुलाला फोनवर सांगितलं तर तो हसून हसून बेजार. "आजी, समुद्राला मासे घेऊन निघालीस?"

आई म्हणाली, "परमुलखात का भेटंल का नाई, मी का पाह्याले गेली आहो?"

बाहेर जेवायची आम्हाला सवय नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्याकडे हाटेल म्हणजे चहा आणि आलूबोंडा. फार तर सकाळी तर्री-पोहा. तालुक्याला कोर्टाची तारीख असेल, दवाखान्यात कोणी भरती असेल, तरच माणूस पैसे देऊन जेवतो, आणि घरी येऊन सांगतो की आज बाहेरच जेवावं लागलं. 'लागलं' हा शब्द त्यात महत्त्वाचा. हौसेनं हॉटेलात जाऊन जेवणं ही माझ्या मुलाच्या पिढीची गोष्ट. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच जेवणाचं ताट विकत घेतलं, नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यासमोर, आणि त्यातली वांग्याची भाजी कशी होती हे ते मरेपर्यंत सांगायचे. चांगली नव्हती.

त्यामुळे मालवणात पोचल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी 'अस्सल घरगुती मालवणी जेवण' अशा पाट्या दिसायला लागल्या तेव्हा मला त्या शब्दाचं जरा नवलच वाटलं. घरगुती म्हणजे कोणाच्या घरचं? ज्या हॉटेलात आम्ही शिरलो तिथं स्टीलची टेबलं होती, भिंतीवर होडीचं चित्र होतं आणि पंधरा-वीस माणसं जागेसाठी ताटकळत उभी होती. घरात अशी रांग फक्त तेराव्याला लागते.

मेनूकार्डावर पहिल्या पानावर थाळ्या. सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, बांगडा थाळी, चिकन थाळी. खाली एका ओळीत 'मोरीचं मटण'. आईला वाचता येतं. तिनं ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे मोरी म्हणजे न्हाणीचं पाणी जाते ती. मुलानं समजावलं की मोरी म्हणजे लहान शार्क, तिचं कालवण मटणासारखं करतात म्हणून ते नाव. आईनं मान हलवली, पण त्या दिवशी तिनं त्या ओळीकडे पुन्हा पाहिलं नाही.

पापलेटसमोर आकडा नव्हता. 'मार्केट रेट' एवढंच. वाढप्या एक ट्रे घेऊन आला, त्यात बर्फावर पाच-सहा पापलेटं मांडलेली. "कुठला करू?" मुलानं बोट दाखवलं. वजन विचारलं नाही, भाव विचारला नाही. मला ते खटकलं. आठवडी बाजारात ढिवराच्या बायकोसमोर बसून मी आजवर मासा घेतला तो डोळा पाहून, कल्ला उघडून, वाट्याचे दोन पैसे कमी करून. इथं कल्ला बघायला पुढे झुकलो तर बायकोनं टेबलाखालून पाय दाबला. पण जेवढं दिसलं त्यात त्या पापलेटाचा डोळा आत गेलेला होता, एवढं मी इथं नोंदवून ठेवतो.

थाळी आली. सुरमईचा रवा लावून तळलेला मोठा तुकडा, वाटीत नारिंगी रंगाची आमटी, दुसऱ्या वाटीत कोळंबीचं सुकं, दोन चपात्या, भात, कांदा, लिंबू आणि एका ग्लासात गुलाबी काहीतरी. आईनं ते ताक समजून अर्धं एका दमात घेतलं, थांबली, आणि उरलेलं घोट घोट करत शेवटपर्यंत पुरवलं. सोलकढी तिला तिथल्या तिथं आवडली. कोकमाची सोलं भिजवायची, त्यांचं पाणी नारळाच्या दुधात मिसळायचं, लसूण आणि हिरवी मिरची ठेचून लावायची. एवढ्या चार जिनसांत ती होते. उन्हाळ्यात रातांबे पिकतात, त्यांची सालं काढून त्याच फळांच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात, ती ही सोलं. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की सगळ्या टेबलांवर, सगळ्या थाळ्यांत, एकच नारिंगी आमटी आहे. सुरमईवाल्याला तीच, बांगडावाल्यालाही तीच.

आईनं सुरमईचा तुकडा बोटांनी उकलला. मधला एक काटा निघाला तो बाजूला ठेवला. मग ती तुकडा शोधत राहिली. उलटा केला, परत सुलटा केला.

"याले काटाच नाही गा."

"म्हणून तर महाग आहे आजी," नातू म्हणाला.

"काट्याबिगर मासोरी मंजे..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. पण मला ते कळलं, आणि आमच्याकडच्या कोणालाही कळेल. गोड्या पाण्यातला मासा खाणं हे बोटांचं, जिभेचं आणि लक्षाचं काम आहे. काट्याला फाटे असतात. मासा खाताना आमच्याकडे कोणी बोलत नाही, लहान मुलांना तर दटावून गप्प करतात. घास तोंडात गेल्यावर जीभ आपोआप काटा वेगळा करते, ओठांच्या कोपऱ्यातून तो बाहेर येतो, आणि ज्याच्या ताटाशेजारी काट्यांचा ढीग नीट रचलेला तो जाणता खाणारा. आईच्या लेखी ती सुरमई म्हणजे लहान मुलाला भरवायचा मऊ भात होता.

बिल चार हजार आठशे आलं. पाच माणसांचं. त्यातलं एकट्या पापलेटाचं किती होतं हे मी लिहीत नाही, कारण अजून आईला माहीत नाही. मुलानं मोबाइल पुढे केला, टुंग वाजलं आणि पैसे गेले. मी हिशेब करत होतो की हे किती धानाचे. वाईट सवय आहे, पण शेतकऱ्याला कुठलाही आकडा दिसला की तो क्विंटलात बदलतो.

दुसऱ्या दिवशी किल्ला. होडीनं सिंधुदुर्ग पाहिला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर काम सुरू केलं आणि १६६७ पर्यंत किल्ला उभा झाला, हे गाईडनं सांगितलं. आई तटाच्या सावलीत बसून राहिली. भर समुद्रात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत हे ऐकून ती उठली, विहिरीत डोकावून आली, आणि "पानी चांगलं आहे" असा अभिप्राय देऊन परत बसली.

मला मात्र संध्याकाळचा लिलाव बघायचा होता. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या लागतात आणि वाळूतच मासळी ओतली जाते. माणसांचं एक कडं तयार होतं, मधे एकजण आकडा पुकारतो, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच टोपली दुसऱ्याची झालेली असते. मी कड्याच्या बाहेरून टाचा उंच करून बघत होतो. इथं खरे डोळे होते माशांचे, काचेसारखे. बांगडे निळे-हिरवे, अंगावर काळ्या रेघा. सौंदाळे लालभडक. कर्ली लांब, चांदीची पट्टी. पेडव्यांचा तर ढीगच, वीतभरही नसतील, आणि तो ढीग सगळ्यात स्वस्तात गेला. थोडं बाजूला मासेवाल्या बायका वाटे लावून बसलेल्या. वाटा! म्हणजे इथंही वाट्यानंच विकतात. कालच्या 'मार्केट रेट'चं मार्केट हे इथं हॉटेलापासून दहा मिनिटांवर होतं आणि त्यात सुरमई-पापलेट शोधावी लागत होती.

शेजारी उभ्या एका म्हाताऱ्या बाप्यानं मला विचारलं, कुठले? मी म्हटलं, गोंदियाचे. त्याला ते कळलं नाही. नागपूरच्या पलीकडे, म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे मासेच नाय!" पाहुण्याशी बोलताना ते लोक मालवणीतून साध्या मराठीत येतात तसा तो आला होता. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे एवढे तलाव आहेत की भंडारा-गोंदियाला लोक तलावांचा जिल्हा म्हणतात. मरळ सांगितली, शिंगूर सांगितला. तलावाचा ठेका जातो, ढिवरांच्या सोसायट्या आहेत, रोहू-कतल्याचं बी सोडायला लागले तशा जुन्या मासोळ्या कमी झाल्या, तेही सांगितलं. म्हातारा ऐकत होता. मग त्यानं समुद्राकडे हात केला आणि त्याचं सुरू झालं. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्यानं मासळीचा अख्खा थवा घेरणारे, एलईडीचे दिवे लावून रात्री मासळी ओढणारे, २०१६ साली सरकारनं पर्ससीनवर बंधनं घातली तरी काय फरक पडला, रापणीला आता माणसं मिळत नाहीत. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अख्खा गाव मिळून ओढतो ते जाळं. तो त्याच्या समुद्राचं सांगत होता, मी माझ्या तलावाचं, आणि दोघांनाही एकमेकांचं निम्मंच कळत होतं. चहा त्यानं पाजला.

खानावळ या गोष्टीबद्दल मी त्या रात्री बराच विचार केला. कोकणातलं हे जेवण मुंबईतही पैसे देऊन खाल्लं जायचं. गिरणगावात कोकणातले गडी एकटे राहायचे, त्यांना कुणीतरी बाई महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं वाढायची, तिच्याकडे जेवणारे ते खानावळी. त्या जेवणात रोज काय असणार? जे स्वस्त मिळेल ते. बाईलाही माहीत की हा आपल्याच मुलखातला, याला सुका बांगडा चालतो. १९८२ च्या संपानं गिरणी मोडली. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आता खानावळी नागपूरहून, पुण्याहून गाडी करून येतो, दोन दिवस राहतो आणि त्याला सुरमईच पाहिजे असते, कारण काट्याची त्याला भीती वाटते. त्याच्या भीतीप्रमाणे मेनूकार्ड छापलेलं असतं. दोष हॉटेलवाल्याचाच आहे असं मला आता म्हणवत नाही. पापलेटाच्या डोळ्याचा दोष तेवढा त्याचाच.

तिसऱ्या दिवशी आम्ही देवबागला गेलो. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची एक चिंचोळी पट्टी, तिच्यावर घरं. पाळीवर वसलेलं गाव म्हणा ना. आईला ते लगेच पटलं. "हे बरं आहे," ती म्हणाली. घरातच दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या, अंगणात मांडव, मांडवाखाली जेवायची दोन टेबलं. घरमालक आधी मासेमारीला जायचा, आता पर्यटकांची होडी चालवतो. स्वयंपाक त्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा. जेवायचं सकाळीच सांगून ठेवायचं, म्हणजे त्या तशी मासळी आणतात. मुलानं सांगून टाकलं, पाच सुरमई थाळ्या.

अकराच्या सुमारास आई दिसेना. समुद्राकडे गेली की काय म्हणून मी धावलो, तर ती मागच्या पडवीत. वहिनी विळीवर नारळ खोवत होत्या आणि आई भिंतीला टेकून बसून लसूण सोलत होती. कोणी सांगितलं नव्हतं. तिला कोणाच्या घरी रिकामं बसता येत नाही. दोघींचं बोलणं चालू होतं. एक झाडीबोलीत, एक मालवणीत. मी दोन मिनिटं उभा राहून ऐकलं. वहिनी विचारत होत्या, "तुमच्याकडे भात कसलो?" आई सांगत होती, एचएमटी. हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात लोंबी लोंबी निवडून काढलं आणि त्या काळच्या घड्याळाचं नाव त्याला पडलं, ही गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना माहीत असते. आईनं ती सांगितली. वहिनींनी डब्यातून मूठभर तांदूळ काढून तिच्या तळहातावर ठेवले. जाडे, तांबूस, उकडे. धान आधी उकडून मग कांडलेला. आईनं एक दाणा दाताखाली धरला आणि कटकन तोडून पाहिला.

मग सांबाराचा घोटाळा झाला. आईनं चुलीवरच्या पातेल्यात पाहून म्हटलं, "वरतून थोडासा सांबार टाक ना बाई." वहिनी म्हणाल्या, "सांबारा आज नाय केलंय आजी, उद्या करतंय, आंबोळ्यांवांगडा." आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. त्यांच्याकडे सांबारं म्हणजे काळ्या वाटाण्याचं कालवण. मी मधे पडून उलगडा केला. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही इडलीवर कोथिंबीर ओतून खाता?"

एका कोपऱ्यात, गॅसपासून लांब, चुलीच्या निखाऱ्यावर एक लहानसं मातीचं भांडं ठेवलेलं होतं. वर झाकण. आईची नजर आल्यापासून त्यावर असावी, कारण तिनं सरळ विचारलं, "त्यात का आहे?"

"ता आमचा, आजी."

"का आहे पर?"

"पेडव्याचा तिखला. आमच्यासाठी केलेला आसा. तुमका आवडूचा नाय, काटे भरपूर." आणि लगेच, जणू काही चूक झाली अशा घाईनं, "तुमका सुरमय तळतंय ना, ताजी हाडलीहा."

आई म्हणाली, "मले हेच पायजे."

वहिनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाहुण्यानं देवघरातला नैवेद्य मागावा तसं काहीसं. त्या मला म्हणाल्या, "काका, आजीक समजावा. पेडवे ते. आम्ही काय वाढू तुमका पेडवे?" मी म्हटलं, "वहिनी, ती चौऱ्याहत्तर वर्षांत माझं ऐकली नाही."

(मी तेवढ्या वर्षांचा नाही, पण त्या हिशेबात पडल्या नाहीत.)

तिखलं हे नाव मला तिथं कळलं. खोबरं नाही, वाटण नाही. लाल तिखट, हळद, मीठ, आंबटाला सोलं आणि तिरफळं. कमी पाण्यात भांडं हलवत आटवायचं, डाव घालायचा नाही, नाहीतर मासोळी मोडते. तिरफळ मी आधी पाहिलं नव्हतं; मिऱ्यापेक्षा मोठं, वाळून फुटलेलं, आत काळी बी असते ती काढून टाकतात. त्याचा वास लिंबाच्या सालीसारखा, आणि नाही पण. वहिनींनी बजावलं की ते चावायचं नाही, बाजूला काढायचं. आईनं चावलं. दोन क्षण डोळे मोठे करून बसली. "जिभंले मुंग्या आल्या," म्हणाली, आणि पुढच्या घासात दुसरं शोधू लागली.

मांडवातल्या टेबलावर आम्ही चौघं सुरमई खात होतो. सुरमई चांगली होती, ताजी होती, मालवणातल्यापेक्षा कितीतरी सरस. आणि आई आत, पाटावर, उकड्या तांदळाचा भात आणि पेडवे. मी पाण्याचं निमित्त काढून आत गेलो. ती बोलत नव्हती. डाव्या हातानं पदर सावरलेला, उजव्या हाताची तीन बोटं चाललेली, आणि ताटाच्या कडेला केसासारख्या बारीक काट्यांचा ढीग. नीट रचलेला. वहिनी तिच्यासमोर बसून जेवत होत्या. त्यांच्या ताटाच्या कडेलाही तसाच ढीग. त्या अधूनमधून आईच्या ढिगाकडे बघत होत्या. मला वाटतं, आई परीक्षेत पास झाली होती.

मला एक घास मिळाला. त्याबद्दल काय लिहू? तिखट आधी येतं, मग आंबट, आणि ती तिरफळाची झिणझिण सगळ्यात शेवटी, घास गिळून झाल्यावर. आमच्याकडे मासोळीला आंबट असतं ते चिंचेचं, नाहीतर आंबाडीचं. ते पुढे येऊन बसतं. कोकमाचं आंबट मागच्या मागे राहतं. पण हे सगळं बाजूला ठेवलं तर तो आमच्या घरचा रस्सा होता. तोच चिवट तिखटपणा, ज्यात भात जास्त जावा म्हणून मासोळी कमी आणि मीठ-मिरची वरचढ.

जेवण झाल्यावर आईनं पिशवी आणवली आणि झिंग्यांची पुडी वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी वास घेतला. "गोलमो काय ह्यो?" मग चिमूटभर तोंडात टाकून, "नाय, खारटपणा नाय. गोड्या पाण्यातलो!" शेजारच्या घरातल्या दोघीजणी बघायला आल्या. समुद्राकाठच्या बायका आमच्या तलावातले झिंगे तळहातावर घेऊन उजेडात धरून पाहत होत्या, आणि आई अशा थाटात बसली होती की जणू नवेगावचा तलाव तिनंच बांधलाय.

निघायच्या दिवशी बिलाचा कागद आला. खोली दोन दिवस, चहा, नाश्ता, सुरमई थाळी चार, दुसऱ्या दिवशीच्या थाळ्या पाच. मी म्हटलं, वहिनी, पहिल्या दिवशी पाच माणसं होतो. त्या म्हणाल्या, आजींचं काय लावायचं? मी म्हटलं, जे होईल ते लावा, थाळीचंच लावा. त्यांनी पेन हातात धरलं, थोडा विचार केला. सुरमईचा भाव त्यांना तोंडपाठ होता, कोळंबीचा होता. घरच्या तिखल्याचा नव्हता. "ह्येचे पैशे काय घेवचे?" असं स्वतःशीच म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिला, तसाच. मी वर पन्नास-शंभर ठेवायला गेलो तर नवऱ्यानं असं पाहिलं की मी हात मागे घेतला. कालवर मी त्यांच्याकडे पैसे देऊन राहत होतो, तोवर सगळं सोपं होतं.

घरी आल्यावर महिनाभरानं नवेगावबांधला जायचं काम निघालं. नवेगाव-नागझिरा २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हापासून जीप घेऊन फिरणारे बाहेरचे लोक इकडे येतात, आणि त्यांच्यासाठी हॉटेलं झाली आहेत. मी नेहमीच्या एका हॉटेलात चहा घेत होतो. समोरच्या टेबलावर एक कुटुंब. बोर्डावर शेवभाजी, पनीर मसाला, अंडाकरी, चिकन हंडी. पलीकडे तलाव दिसत होता, हॉटेलातून. त्या घरातल्या बाईनं मालकाला विचारलं, "इथलं स्पेशल काय आहे?" मालक म्हणाला, "पनीर चांगलं बनते आमच्याकडे."

मी चहाचे पैसे द्यायला मागे गेलो. मालकाची बायको आणि पोरगा जेवायला बसले होते. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, आणि कांद्यात परतलेले झिंगे. मी म्हटलं, "हे बोर्डावर लिव्ह ना." तो माझ्याकडे बघत राहिला, थट्टा करतोय का ते ठरवत. मग म्हणाला, "काजी तुमी पन! हे कोन खाईल?"

मी त्याला देवबागची गोष्ट सांगायला सुरुवात केली होती, पण पनीरची ऑर्डर आली आणि तो गेला.

जून उजाडला. पहिला पाऊस होऊन गेला होता, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायची घाई चालली होती, मी बांधावर होतो. घरून बायकोचा निरोप आला की देवबागहून फोन आहे आणि आई सोडायला तयार नाही. तिकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून ठेवलेल्या, पाहुणे नाहीत, बाजारात ताजी मासळी नाही. वहिनींनी डबा उघडून आमचे झिंगे काढले होते. कसे करायचे म्हणून विचारायला फोन.

मी घरी पोचलो तेव्हा आई ओट्यावर बसून, फोन तोंडासमोर भाकरीसारखा आडवा धरून, गाव ऐकेल एवढ्या मोठ्यानं सांगत होती. "पयले कोरडेच भाजून घे... हव, तेलाबिगर... मंग पाटावर घासून घे, डोस्की निघून जाते... कांदा मायंदाळ टाकजो..." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आई थांबली. तिचा चेहरा गंभीर झाला.

"सोलं? सोलं नोको टाकू बाई. चिंच नाही का घरी? ...बरं, टाक. पर थोडीशीच टाकजो. आन् आयक, ते मुंग्या आनते ते फर, ते बी दोन टाकून पाह्य. मंग मले सांग कसं लागलं."